दसऱ्याची छाटणी, मार्गशीर्षातले फूल: नवी मुंबईच्या अंगणात सुगंधी जांभळा गुलाब

नेरूळच्या आमच्या रो-हाऊसपुढे दहा फूट बाय बारा फुटांचे अंगण आहे. तुळस, कढीपत्ता, एक अनंत, स्कूटर आणि मुलांच्या सायकली एवढे सगळे सामावल्यावर गुलाबासाठी जी जागा उरते तिच्यात जेमतेम दोन रोपे बसतात आणि गेली काही वर्षे ती दोन्ही जांभळ्या गुलाबाची आहेत. त्यापूर्वी याच रंगाची तीन रोपे माझ्या हातून गेली. पहिल्यांदाच गुलाब लावणाऱ्याने सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करावी, म्हणजे पुढचा बराचसा मनस्ताप वाचतो: खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत हा गुलाब बारमाही नाही. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतच्या साधारण साडेतीन महिन्यांत त्याचा खरा रंग आणि खरा वास मिळतो. उरलेल्या काळात फुलांचा नाद सोडून फांद्या आणि पाने धडधाकट ठेवायची, एवढेच काम असते. जागा, माती, छाटणी, खत या सगळ्यांची वेळ या हिशेबानेच ठरवावी लागते.

वाण आणि रोप

गुलाबात निळ्या रंगाला लागणारे डेल्फिनिडीन नावाचे रंगद्रव्य मुळातच तयार होत नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलातले जनुक गुलाबात घालून २००४ साली ‘निळा’ गुलाब जाहीर केला आणि २००९ पासून तो जपानमध्ये विकायला आणला, पण तोही डोळ्यांना फिकट जांभळाच दिसतो. त्यामुळे मोबाइलवर दिसणाऱ्या गडद निळ्या गुलाबाच्या बियांच्या पुड्या घेऊ नयेत. मोठ्या फुलांच्या संकरित गुलाबाचे बी पेरले, तरी मूळ झाडासारखे फूल येत नाही. असा गुलाब डोळा भरलेल्या, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर हव्या वाणाचा अंकुर बसवून केलेल्या कलमावरूनच वाढवतात.

रोपवाटिकांत या रंगाचे जे वाण आढळतात त्यांपैकी ‘ब्लू मून’ हा नवख्यासाठी मला सर्वांत बरा वाटतो. जर्मनीच्या टांटाऊ यांनी तो १९६४ मध्ये आणला. फूल मोठे, एका दांड्यावर बहुधा एकच, काटे तुलनेने कमी आणि वासात लिंबाच्या सालीची स्पष्ट छटा. ‘पॅराडाइज’च्या फिकट जांभळ्या पाकळ्यांना माणकासारखी लालसर कड असते आणि उन्हाने ती कड गडद होते. ‘एंजल फेस’ बुटका असून त्याला झालरीसारख्या पाकळ्यांची फुले झुबक्याने येतात, त्यामुळे कुंडीत तो शोभतो आणि त्याचा वासही दणकट आहे. ‘स्टर्लिंग सिल्व्हर’ हा अमेरिकेत ग्लॅडिस फिशर यांनी १९५७ मध्ये आणलेला वाण फार सुंदर आहे, पण अंगाने नाजूक, म्हणून पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये. खरे तर जांभळे गुलाब एकूणच लाल किंवा गुलाबी गुलाबांपेक्षा कमी काटक असतात, हे ध्यानात ठेवूनच पैसे मोजावेत.

रोप नोव्हेंबर किंवा डिसेंबरात, फुलावर असताना आणि सकाळी लवकर जाऊन घ्यावे. दुपारपर्यंत वासाचा बराच भाग उडून गेलेला असतो, त्यामुळे दुपारी चारला नाक लावून केलेली निवड फसवी ठरते. माझे पहिले रोप मी भर जुलैत, पिशवीला लावलेल्या चिठ्ठीवरचे चित्र पाहून आणले होते आणि गणपतीपर्यंत त्याची काडी झाली. रोप हातात घेतल्यावर फुलाकडे शेवटी पाहावे. आधी डोळा भरलेली गाठ पाहावी. ती नीट भरून आलेली असावी, तिच्यावरून पेन्सिलीच्या जाडीच्या किमान दोन-तीन फांद्या निघालेल्या असाव्यात आणि कोणत्याही फांदीवर काळपट, सुरकुतलेला पट्टा नसावा. एकच लांब फांदी आणि तिच्या टोकाला एक देखणे फूल, असे रोप दुकानदारासाठी सोयीचे असते, आपल्यासाठी नाही.

जागा: डिसेंबरातले ऊन पाहावे

गुलाबाला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते आणि त्यात सकाळचे ऊन सर्वांत मोलाचे, कारण ते रात्रीचे दव पानांवरून लवकर उडवते. बहुतेकांची चूक अशी होते की, ते एप्रिल-मे महिन्यात अंगणात भरपूर ऊन पाहतात आणि तिथेच जागा ठरवतात. मेच्या मध्यास आपल्याकडे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस येतो तो याच सुमारास, त्यामुळे दोन इमारतींच्या बोळातही तेव्हा ऊन पोहोचते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेला जेवढी उंच इमारत असेल, जवळजवळ तेवढीच लांब तिची दुपारची सावली उत्तरेला पडते; सात मजली इमारत असली तर वीस मीटरच्या आसपास. आपला गुलाब नेमका त्याच महिन्यांत फुलायचा आहे. घोडबंदर रस्त्याला किंवा खारघरला उंच संकुलांच्या मध्ये तळमजल्याची बाग असलेल्यांनी तर डिसेंबरात एका सुटीच्या दिवशी तासातासाला खडूने सावलीची कड आखून पाहावी आणि मगच कुंडी कुठे ठेवायची ते ठरवावे.

भिंतीपासून रोप दीड फूट तरी दूर असावे आणि दोन रोपांत अडीच ते तीन फूट अंतर ठेवावे. जागा कमी म्हणून दाटीवाटी केली, तर पावसाळ्यात पाने वाळत नाहीत आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

माती आणि लागवड

सिडकोच्या जुन्या घरांच्या अंगणात वरची चार बोटे माती चांगली दिसते, पण पहार मारली की खाली भरावाचा मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडारोडा लागतो. सिमेंटमधल्या चुन्यामुळे माती विम्लधर्मी होते, गुलाबाला लोह घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा घेऊन त्यातले सगळे काढून टाकावे. खड्ड्यात पाण्याची बादली ओतून तासाभराने पाहावे. पाणी तसेच साचलेले दिसले, तर खड्ड्याचा नाद सोडून विटांचा एक फूट उंच वाफा बांधावा. खाडीजवळच्या सखल सेक्टरांत हाच उपाय शहाणपणाचा आहे.

भरण्यासाठी दोन भाग कोकणी लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे. त्यात दर रोपामागे शंभर ग्रॅम निंबोळी पेंड आणि पन्नास ग्रॅम हाडांचे खत मिसळावे. देवाला वाहायच्या फुलांच्या मुळाशी हाडांचे खत नको, असा आमच्या घरी आईचा आग्रह असतो. तिथे तीस ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट घालून मी वाद मिटवला. कुंडीत लावायचे असेल तर ती किमान बारा, शक्यतो चौदा इंची असावी, बुडाशी तीन-चार छिद्रे असावीत आणि कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी. कुंडीच्या मिश्रणात मातीचा काही भाग कमी करून कोकोपीट घातले तर उन्हाळ्यात ओल टिकते, पण ते पाव हिश्श्यापेक्षा अधिक नको. पावसात तेच कोकोपीट मुळे कुजवते.

लागवड ऑक्टोबरअखेर ते जानेवारी या काळात, संध्याकाळी करावी. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढावी, रोप ओढून काढू नये. आता आतल्या मातीच्या गोळ्याकडे लक्ष द्यावे. घाटावरून येणाऱ्या रोपांचा गोळा बऱ्याचदा चिकण काळ्या मातीचा असतो. तो तसाच आपल्या भुसभुशीत मिश्रणात बसवला की बाहेरची माती कोरडी आणि आतला गोळा चिखल, किंवा बाहेर ओल आणि आत दगड, अशी अवस्था होते. गोळा दहा मिनिटे बादलीभर पाण्यात बुडवून त्याची बाहेरची बोटभर माती हलक्या हाताने सुटी करावी, मधले मात्र हलवू नये. रोप बसवताना डोळा भरलेली गाठ मातीच्या दोन इंच वर राहील असे पाहावे. आपल्या दमट हवेत गाठ मातीत गाडली की कुजते. पहिल्या दोन महिन्यांत येणाऱ्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडाव्यात. हे जिवावर येते, पण रोपाने आधी मुळे धरायला हवीत.

इथे शेजारच्या काकूंची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांचे जांभळ्या गुलाबाचे रोप एका वर्षात पुरुषभर वाढले आणि त्याला लहान लहान लालसर फुले येऊ लागली. “मातीने रंग बदलला,” असे त्या म्हणत. प्रत्यक्षात गाठीच्या खालून, म्हणजे मूळ खुंटातून रानफूट निघाली होती. ती जोमाने वाढली आणि वरचे नाजूक कलम उपाशी मरून गेले. म्हणून दर आठवड्याला खाली वाकून गाठीच्या खालचा भाग पाहावा. तिथून निघालेली प्रत्येक फूट, माती उकरून, जिथून ती निघाली आहे त्या जागीच उपटून काढावी. नुसती वरून कापली, तर एकीच्या जागी तीन येतात.

पाणी आणि खत

पाणी सकाळी, मुळाशी आणि पोटभर द्यावे. संध्याकाळी पानांवर फवारा मारणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. हिवाळ्यात जमिनीतल्या रोपाला एक दिवसाआड पुरते, मे महिन्यात कुंडीला दोन वेळाही लागते. बोट दोन पेरे मातीत घालून पाहणे हा एकच भरवशाचा नियम आहे.

छाटणीच्या वेळी दर रोपाला दोन किलो शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्यावी आणि नवी पाने आल्यापासून फुलांचा हंगाम संपेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, आधीच ओल्या असलेल्या मातीत घालावे. जून ते सप्टेंबर खत बंद ठेवावे. चहाचा चोथा घालायचाच असेल, तर साखर-दूध धुऊन, कुजवून घालावा. नाहीतर मुंग्या येतात आणि मुंग्यांमागून मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारे बारीक किडे.

पावसाळा: खरी परीक्षा

आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गुलाबावरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाची बुरशी पानात शिरायला पान सलग सात तासांच्या आसपास ओले राहिले तरी पुरते आणि नेरूळच्या जुलैत पाने दिवसचे दिवस वाळत नाहीत. रोग ओळखायला सोपा आहे. खालच्या पानांवर काळे डाग येतात, त्यांची कड शाईचा थेंब टीपकागदावर पसरावा तशी फाटलेली असते, डागाभोवती पान पिवळे पडते आणि बोट लागताच गळते. लक्ष दिले नाही, तर श्रावणात झाड पूर्ण नागडे होते. पाने नसलेल्या झाडाच्या फांद्या मग टोकाकडून काळ्या पडत खाली येतात. यालाच शेंडेमर म्हणतात आणि माझ्या त्या पहिल्या तीन रोपांपैकी उरलेली दोन याच वाटेने गेली.

यावर सर्वांत मोठा उपाय औषधाचा नसून छपराचा आहे. मृगाच्या आधीच कुंड्या वळचणीखाली, पण उजेडात सरकवाव्यात. जमिनीतल्या रोपावर बांबूच्या चार खुंट्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचे उतरते छप्पर बांधावे, बाजू मात्र पूर्ण उघड्या ठेवाव्यात, कारण वारा अडला की सगळा खटाटोप वाया जातो. जमिनीपासून एक फुटापर्यंतची पाने काढून टाकावीत, म्हणजे मातीवरून उडालेले थेंब पानांवर बसत नाहीत. डागाळलेले आणि गळलेले पान रोजच्या रोज वेचून कचऱ्याच्या बंद पिशवीत टाकावे. कंपोस्टच्या टोपलीत ते कधीही जाऊ नये. आमच्याकडे हे काम मुलांकडे आहे, दहा पानांना एक रुपया या दराने.

एवढे करून उघडीप मिळेल तेव्हा दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम किंवा मँकोझेब लिटरला दोन ग्रॅम, असे आलटून पालटून पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे. हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून, मुले घरात असताना, वारा पडलेला असताना हे करावे. अशा झाडाच्या पाकळ्यांचा गुलकंद करू नये. त्यासाठी एखाद्या कोपऱ्यात देशी गुलाब वेगळा, बिनफवारणीचा ठेवावा. शेंडेमर दिसताच काळ्या भागाच्या खाली, आतला गर स्वच्छ पांढरट-हिरवा दिसेपर्यंत फांदी कापत जावे. कापात मध्यभागी तपकिरी ठिपका दिसला, तर अजून खाली जायचे, मग झाड कितीही लहान राहो.

दसऱ्याची छाटणी

छाटणीनंतर फूल यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. दसऱ्यापासून मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा पन्नास दिवसांवर असते, त्यामुळे पंचांग हेच आपले वेळापत्रक. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर छाटणीच्या कात्रीचीही पूजा होते. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी ती हातात घ्यावी. दसरा सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला आणि पाऊस रेंगाळत असेल, तर कोजागरीपर्यंत थांबावे. ओल्या हवेत केलेला काप सडतो.

आठ दिवस आधीपासून पाणी थोडे कमी करावे. कात्रीला धार असावी आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटने पुसावीत. प्रथम वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात. मग उरलेल्यांतल्या सर्वांत दणकट तीन ते पाच ठेवून त्या साधारण निम्म्या उंचीवर कापाव्यात. उत्तरेकडच्या थंड हवेतली पुस्तके वाचून काही जण वीतभर खुंट ठेवतात. जांभळ्या वाणांना इथे ते सोसत नाही. प्रत्येक फांदीवर झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधावा. पान गळून गेल्यावर राहिलेल्या चंद्रकोरीसारख्या वणाच्या लगेच वर जो लालसर टिंबाएवढा फुगवटा असतो, तो डोळा. त्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतार राहील असा तिरका काप घ्यावा, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही.

कापांवर त्याच दिवशी बोर्डो मलम लावावे. शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करावा. लोखंडी भांडे वापरू नये. दोन रोपांसाठी एवढे लागत नाही, याच प्रमाणात कमी करून घ्यावे. पुढच्या पंधरवड्यात ऑक्टोबरचे ऊन कोवळ्या लालसर फुटीला करपवते, म्हणून पश्चिमेकडून जुन्या सुती साडीचा आडोसा केला तर बरे.

बहर

पहिली कळी फुटते तेव्हा तिचा रंग राखाडी, काहीसा निस्तेज वाटतो. घाबरू नये. पाकळ्या उलगडत जातात तसा तो खुलतो आणि थंडी पडलेल्या पहाटे तो जितका गडद दिसतो तितका पुन्हा फेब्रुवारीत दिसत नाही. कडक उन्हाने हा रंग विटतो आणि गुलाबीसर किंवा करडा होतो. वास पहाटेनंतर, ऊन अंगावर येऊ लागताच सर्वांत जास्त असतो.

या दिवसांत मावा कोवळ्या शेंड्यावर दिसला, तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा आणि न थांबल्यास लिटरला पाच मिली निमतेल व थोडे द्रवसाबण संध्याकाळी फवारावे. भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड दिसणारा बुरशीचा रोग, क्वचित, थंड रात्रींनंतर येते. फुलकिडे मात्र फेब्रुवारीपासून हमखास येतात आणि त्यांना फिकट रंगाचीच फुले आवडतात. कळी अर्धवट उघडून थांबली आणि पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या, तर फूल पांढऱ्या कागदावर झटकावे; धावणाऱ्या बारीक पिवळ्या-तपकिरी रेघा म्हणजे फुलकिडे. अशा कळ्या तोडून बंद पिशवीत टाकाव्यात आणि झाडाजवळ चिकट सापळा टांगावा.

कोमेजलेले फूल झाडावर ठेवू नये. पाच पर्णिकांच्या पहिल्या धडधाकट पानाच्या वर दांडा कापला की पुढचा बहर सहा-सात आठवड्यांत येतो. असे मार्गशीर्ष, पौषअखेर आणि फाल्गुन मिळून तीन बहर पदरात पडतात. होळीनंतर कळ्या खुडायला सुरुवात करावी, बुंध्याशी नारळाच्या सोडणांचे आच्छादन घालावे आणि दुपारनंतरची सावली मिळेल अशा जागी कुंडी हलवावी.

गुरुवारच्या पूजेसाठी फूल हवे असेल, तर बाहेरच्या दोन पाकळ्या सुटल्या असताना, सूर्य वर यायच्या आत ते कापावे आणि दांडा लगेच पाण्यात बुडवावा. लांब दांड्याचा मोह मात्र पहिल्या वर्षी आवरावा आणि फुलाबरोबर दोनच पाने घ्यावीत; बाकीची पाने पुढच्या पावसाळ्यासाठी झाडाला लागणार आहेत.